टर्मिनलचं बिऱ्हाड नव्या लॅपटॉपवर हलवताय? या चुका टाळा

"मावशी, होम फोल्डर अख्खा कॉपी केलाय. झालं तुझं काम!" असं सांगून भाचा गेला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दहा वाजता मी नव्या लॅपटॉपवर पहिली स्क्रिप्ट चालवली आणि टर्मिनलनं सांगितलं, 'कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड'. फाइल तर डोळ्यांसमोर होती. एलएस केलं की दिसायची, कॅट केलं की उघडायची, चालवायला गेलं की 'अशी फाइलच नाही'.

माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावच्या वाचनालयातल्या जुन्या मराठी पुस्तकांची पानं स्कॅन होतात आणि टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम वापरून मी त्यांचा मजकूर काढते. जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) २०.०४ होतं, नव्यावर २४.०४. टेसरॅक्ट, पॉपलर (पीडीएफची साधनं), इमेजमॅजिक (प्रतिमांवर काम करणारं), पायथनच्या चार-पाच स्क्रिप्ट आणि बॅशचा, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांडींचा, बराच चिवडा, एवढाच संसार. एका संध्याकाळी आटपेल असं वाटलं होतं. नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांतल्या चुका इथे मांडते आहे. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच द्यायची, हे सांगायला नको.

होम फोल्डर म्हणजे अख्खं घर, हा गैरसमज

भाच्यानं कॉपी करताना 'सीपी -आर' या कमांडपुढे तारा (*) दिला होता. बॅशमधला तारा टिंबानं सुरू होणाऱ्या फाइली उचलत नाही. म्हणजे .बॅशआरसी, .गिटकॉन्फिग, .एसएसएच, .कॉन्फिग, .लोकल हे सगळं मागेच राहिलं. घर हलवताना कपाटं नेली आणि कप्प्यांतलं तिथेच ठेवलं, तसं. शिवाय मधला पेनड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. एक्सफॅटला लिनक्सच्या परवानग्या कळत नाहीत आणि सिंबॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) तर ठेवताच येत नाही. त्यामुळे जे आलं, तेही सपाट होऊन आलं.

यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर ठेवून 'आरसिंक -ए' (फाइली जशाच्या तशा दुसरीकडे नेणारी कमांड) करणं. परवानग्या, तारखा, लिंक, टिंबवाल्या फाइली सगळं येतं. स्रोत फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ दिली तर आतला ऐवज जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. हे दर वेळी विसरायला होतं, म्हणून आधी '--ड्राय-रन' (काही न हलवता नुसती रंगीत तालीम) लावून बघावं. पेनड्राइव्हच वापरायचा असेल तर टार या साधनानं सगळं बांधून एकच फाइल बनवावी आणि ती न्यावी. परवानग्या टारच्या पोटात सुरक्षित राहतात, बाहेर एक्सफॅट असो की आणखी काही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. घरातलं पुष्कळ सामान होम फोल्डरमध्ये नसतंच. हातानं बांधलेले प्रोग्राम /यूएसआर/लोकल/बिनमध्ये असतात, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) /व्हार/स्पूलमध्ये, आणि /ईटीसीमध्ये तुम्ही कधीतरी चिडून केलेला एखादा बदल. माझ्याकडे तसा एक निघाला. इमेजमॅजिकला पीडीएफ उघडायला सांगितलं तर ते म्हणालं, सुरक्षा धोरणात हे बसत नाही. इमेजमॅजिक पीडीएफसाठी ज्याच्यावर अवलंबून असतं त्या घोस्टस्क्रिप्टमधल्या त्रुटींमुळे २०१८ पासून उबंटूत इमेजमॅजिकच्या पॉलिसी.एक्सएमएल फाइलमध्ये पीडीएफला मनाई लिहिलेली असते. जुन्या लॅपटॉपवर मी ती ओळ काढून टाकली होती आणि काढल्याचं साफ विसरले होते. या वेळी ओळ काढली नाही. पानांच्या प्रतिमा काढायला पॉपलरचं 'पीडीएफटूपीपीएम -आर ३००' पुरतं, वेगही बरा आणि धोरणाला हातही लावावा लागत नाही.

मग काय काय बसवलं होतं ते आठवायचं कसं? आठवायचं नाही, विचारायचं. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' ही कमांड कुणाच्या पाठीमागून आलेली पॅकेजं वगळते आणि मुद्दाम बसवलेल्यांची यादी देते. तिच्यात उबंटूच्या मूळ इन्स्टॉलरनं बसवलेलीही थोडी मिसळलेली असतात, ती डोळ्यांनी गाळावी लागतात. 'डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स' मात्र टाळा, त्यात अवलंबून असलेली झाडून सगळी पॅकेजं येतात आणि दोन हजार ओळींत आपलं सामान सापडत नाही. मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या दोन गोष्टी: /व्हार/लॉग/एपीटीमधली हिस्टरी फाइल, जिच्यात आपण दिलेल्या 'एपीटी इन्स्टॉल' तारखेसह लिहिलेल्या असतात, आणि .बॅश_हिस्टरी. ही दुसरी फाइल म्हणजे घरातल्या जुन्या मोलकरणीसारखी, काय कुठे ठेवलंय ते तिलाच ठाऊक. जुना लॅपटॉप बंद करायच्या आधी या दोन्हींची प्रत काढून ठेवा.

पायथनचं एन्व्हायर्नमेंट उचलून नेणं

आता त्या 'रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड'कडे येते. व्हीएन्व्ह म्हणजे एका प्रकल्पापुरती पायथनची पॅकेजं ठेवणारा एक फोल्डर, म्हणून तो कॉपी करता येईल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण त्या फोल्डरमधल्या बिन या उपफोल्डरात पिपसारखी (पिप पायथनची पॅकेजं बसवतं) जी कामाची माणसं बसलेली असतात, त्या प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो: /होम/, मग वापरकर्त्याचं नाव, मग प्रकल्पाचं नाव, व्हीएन्व्ह, बिन, पायथन. 'ॲक्टिव्हेट' स्क्रिप्टमध्येही तसाच पत्ता. भाच्यानं नव्या लॅपटॉपवर माझ्यासाठी खातं उघडताना माझं नाव जरा वेगळ्या स्पेलिंगनं लिहिलं होतं. म्हणजे माझी स्क्रिप्ट जागेवर होती, तिच्या पहिल्या ओळीत सांगितलेला पायथन नव्हता. टर्मिनल 'अशी फाइल नाही' म्हणत होतं ते त्या पायथनबद्दल. संदेश खरा होता, मीच त्याचा कर्ता चुकीचा धरला होता.

तुमच्याकडे असं झालं तर 'हेड -१' करून फाइलची पहिली ओळ बघा. पत्ता जुना असेल तर काय झालं ते तिथेच कळेल. शेवटी विचित्र ^एम दिसला ('कॅट -ए' केल्यावर दिसतो) तर फाइल विंडोजवरून आली आहे आणि ओळींच्या टोकाला एक जादा अक्षर चिकटलं आहे, 'डॉसटूयुनिक्स' चालवा.

पत्ता सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडनं बदलून भागेल असा मोह होतो. मी बदलला, आणि पुढच्याच पायरीवर आपटले, कारण २०.०४ चा पायथन ३.८, २४.०४ चा ३.१२. जुन्या पायथनसाठी बांधलेली नमपाय (आकडेमोडीचं पायथन पॅकेज) नव्यात चालत नाही. व्हीएन्व्ह न्यायचं नसतंच, ते पुन्हा बनवायचं असतं. न्यायची असते ती यादी.

यादी म्हणजे 'पिप फ्रीझ', असं सगळे सांगतात. तेही मी केलं. चव्वेचाळीस ओळी आल्या, प्रत्येकीपुढे नेमकी आवृत्ती. त्यातली नमपाय १.२४.४. पायथन ३.८ ला चालणारी ती शेवटची मालिका, आणि ३.१२ ला नमपाय १.२६ पासूनच चालते. त्यामुळे पिपनं तयार पॅकेज सापडत नाही म्हणून मूळ कोडपासून बांधायला घेतलं आणि 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स' म्हणून मान टाकली. पॅकेजं बांधायला लागणारं डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१२ मधून काढूनच टाकलेलं आहे. दोन पानं भरून लाल अक्षरं येतात, त्यातली ही एकच ओळ कामाची असते.

खरं तर त्या चव्वेचाळीसांपैकी मी स्वतः मागितलेली पॅकेजं पाचच होती. 'पिप लिस्ट --नॉट-रिक्वायर्ड' ही कमांड तीच निवडून दाखवते, जी दुसऱ्या कुणाच्या गरजेपोटी आलेली नाहीत. ती पाच नावं आवृत्तीशिवाय एका फाइलीत लिहिली, नवं व्हीएन्व्ह केलं, बसवली, स्क्रिप्टमधल्या दोन ओळी बदलल्या, झालं. ज्यांना आवृत्ती काटेकोर तीच लागते त्यांनी पायएन्व्ह किंवा यूव्ही वापरून जुना पायथनच नव्या यंत्रावर बसवावा आणि मग फ्रीझची यादी द्यावी. दोन्ही मार्ग ठीक आहेत. नवा पायथन आणि जुनी फ्रीझ यादी, ही जोडी मात्र जमत नाही.

आणखी एक. नव्या उबंटूवर व्हीएन्व्हशिवाय नुसतं 'पिप इन्स्टॉल' केलं तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असं बजावून ते थांबतं. इंटरनेटवर लगेच तोडगा मिळतो, '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' लावा म्हणून. पर्यायाच्या नावातच 'मोडा' असं लिहिलेलं असताना लोक तो बिनधास्त लावतात याचं मला नवल वाटतं.

जुनी बॅशआरसी डोळे मिटून ओतणं

आरसिंक केल्यावर टर्मिनल उघडताना वाचली जाणारी .बॅशआरसी आली, प्रॉम्प्टचा रंग ओळखीचा झाला, बरं वाटलं. मग टेसरॅक्टला मराठी पान दिलं. उत्तर: 'एमएआर.ट्रेनडडेटा' उघडता येत नाही, 'फेल्ड लोडिंग लँग्वेज एमएआर'. मराठीचं पॅकेज तर मी पाच मिनिटांपूर्वी बसवलं होतं. काढलं, पुन्हा बसवलं. तेच उत्तर.

बॅशआरसीत, चार वर्षांपूर्वी मीच लिहिलेली एक ओळ होती: टेसडेटा_प्रीफिक्स या चलाला /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/४.००/टेसडेटा हा पत्ता दिलेला. २४.०४ मध्ये टेसरॅक्ट ५ येतं आणि त्याचा डेटा '४.००' ऐवजी '५' नावाच्या फोल्डरात असतो. म्हणजे मराठीचा डेटा बरोबर जागी बसला होता, आणि मी स्वतःच टेसरॅक्टला हाताला धरून रिकाम्या खोलीत नेत होते. ओळ काढली, नवं टर्मिनल उघडलं, चाललं. अशा वेळी 'टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज' द्यावं, ते कुठे शोधतंय तो पत्ताही छापतं. संशय बॅशआरसीचाच असेल तर 'एन्व्ह -आय बॅश --नोआरसी' असं कोरं टर्मिनल उघडून तीच कमांड द्या. तिथे चालली तर दोष तुमच्या फाइलीत आहे.

माझी पद्धत आता अशी: जुनी .बॅशआरसी नव्या नावानं बाजूला ठेवायची आणि लागेल तशी एकेक ओळ नव्या फाइलीत आणायची. महिन्याभरात माझ्या एकशेतीस ओळींपैकी एकतीसच आल्या. बाकीच्यांची आठवणही झाली नाही.

कमांड तीच, निकाल वेगळा

चूक संदेश देते तोवर काळजी नसते. संदेश न देता निकाल बदलतो, तेव्हा खरी पंचाईत. चौथ्या दिवशी सगळं चालू झालं, पानं भराभर निघू लागली. फारच भराभर. जुन्या लॅपटॉपवर एका पानाला जितका वेळ लागायचा त्याच्या पावही लागत नव्हता. नवं यंत्र, वेगवान असणारच, असं म्हणून मी खूश. मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंचा दुसऱ्या दिवशी फोन: "अहो, या खेपेला जोडाक्षरं फार बिघडलीत हो. पहिल्यापेक्षा दुप्पट खाडाखोड करावी लागतेय."

टेसरॅक्टच्या भाषा-मॉडेलचे तीन संच आहेत: नुसता, 'बेस्ट' आणि 'फास्ट'. तिन्हींत मराठीच्या फाइलचं नाव एकच, एमएआर.ट्रेनडडेटा. उबंटूच्या पॅकेजमधून येतं ते फास्ट. जुन्या लॅपटॉपवर मी कधीतरी बेस्टमधली फाइल आणून त्या जागी ठेवली होती. नाव तेच, जागा तशीच, मजकूर वेगळा. कुठलीही यादी हा फरक दाखवू शकत नाही, कारण यादीत नावंच असतात.

इथे उपयोगी पडतं ते 'एसएचए२५६सम', फाइलच्या मजकुरावरून एक ओळखीचा आकडा काढणारी कमांड. दोन्ही यंत्रांवर त्याच फाइलवर चालवा. आकडे जुळले नाहीत तर फाइली वेगळ्या. मॉडेल, शब्दकोश, फॉन्ट, अशा नाव तेच राहून आत बदलणाऱ्या सगळ्या गोष्टींना हे लावावं. आणि हलवण्याआधीच तीन-चार नमुना पानं निवडून त्यांचा जुन्या यंत्रावरचा निकाल जपून ठेवावा. नव्यावर तीच पानं काढायची आणि 'डिफ' (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) द्यायचं. टेसरॅक्ट ४.१ आणि ५.३ मध्ये किरकोळ फरक पडतील, ते चालायचंच. पण ओळीमागून ओळ वेगळी दिसली तर पुस्तकाचं काम सुरू करण्याआधी थांबा. मी थांबले नाही, दोनशे दहा पानं पुन्हा काढावी लागली.

'ऱ'चा घोटाळा

हा भाग मराठीत काम करणाऱ्यांसाठी, कारण इतर कुठल्या मार्गदर्शिकेत मला तो सापडला नाही.

एका मैत्रिणीच्या जुन्या मॅकवर स्कॅन केलेली 'वऱ्हाड-पत्रे' नावाची फाइलींची चळत होती. तिनं ती आरसिंकनं पाठवली. एलएस केलं की नाव स्वच्छ दिसतं. स्क्रिप्टमध्ये तेच नाव लिहिलं की फाइल नाही. हातानं 'वऱ्' टाइप करून टॅब दाबला, काही नाही. नुसतं 'व' टाइप करून टॅब दाबला, पूर्ण नाव हजर.

मराठीतला हा रफारासारखा पण आडवा 'ऱ्' संगणकात तीन प्रकारांनी लिहिला जातो. एक, स्वतंत्र अक्षर 'ऱ' (युनिकोड ०९३१) आणि त्याला हलन्त. दोन, साधा 'र' (०९३०), त्याखाली नुक्ता (०९३सी) आणि मग हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक (२००डी). पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडच्या नियमांनुसार पहिला आणि दुसरा एकच समजायचे, पण लिनक्सची फाइल-व्यवस्था नियम बघत नाही, बाइट बघते. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही व्यवस्था प्रत्येक नाव सुटं करून, म्हणजे दुसऱ्या प्रकारानं साठवते. माझा इनस्क्रिप्ट कळफलक पहिला प्रकार देतो. म्हणून बिऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, पायऱ्या अशी सगळी नावं हरवली आणि 'कोकण-पत्रे' मात्र व्यवस्थित सापडलं.

खात्री करायची तर 'एलएस'चा निकाल 'एक्सएक्सडी' या बाइट दाखवणाऱ्या कमांडमधून काढा. ई०ए४बी१ दिसलं तर स्वतंत्र ऱ, ई०ए४बी० आणि लगोलग ई०ए४बीसी दिसलं तर सुटा. दुरुस्तीला 'कन्व्हएमव्ही' नावाचं साधन आहे: दोन्हीकडे यूटीएफ-८ सांगून '--एनएफसी' (म्हणजे जोडलेलं, पहिल्या प्रकारचं रूप) द्यायचं. ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं. '--नोटेस्ट' दिल्याशिवाय खरोखर बदलत नाही, ही त्याची सभ्यता मला फार आवडते. मॅकवरून थेट आणत असाल तर आरसिंकचा '--आयकॉन्व्ह' पर्याय वाटेतच रूपांतर करतो. तिसरा, जोडकवाला प्रकार मात्र यातल्या कशानंच बदलत नाही, त्याला वेगळं शोधून बदलावं लागतं. मजकुराच्या आतही हीच गत आहे. आमच्या तीन टंकलेखकांचे कळफलक वेगवेगळे, त्यामुळे 'करणाऱ्या' ग्रेप केलं (शोधलं) की एकीच्याच फाइली सापडायच्या.

फाइलींची नावं मराठीत ठेवूच नका, असा सल्ला यावर हमखास मिळतो. मला तो पटत नाही. स्क्रिप्टमध्ये नाव वाचल्याबरोबर ते पायथनच्या युनिकोडडेटानं एनएफसी करून घ्यायचं, एक ओळ लागते.

किल्ल्या

एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर शिरण्याच्या सोयीची) खासगी किल्ली पेनड्राइव्हवरून आणली की तिच्या परवानग्या सैल होतात आणि एसएसएच मोठ्या अक्षरांत 'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल' म्हणत ती नाकारतं. फोल्डरला ७००, किल्लीला ६०० दिलं की गाडी चालते. पण मुळात किल्ली नेऊ नये. नव्या यंत्रावर नवी बनवावी, तिची सार्वजनिक बाजू सर्व्हरवर घालावी आणि जुनी तिथून काढावी. बॅशआरसीत कुठे पासवर्ड किंवा एपीआयची की लिहून ठेवली असेल तर ती फाइल गिटच्या सार्वजनिक भांडारात ढकलण्याआधी दोनदा बघा.

मॅक आणि विंडोजवाल्यांसाठी चार ओळी

इंटेलच्या मॅकवरून ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर (पहिले २०२० च्या नोव्हेंबरात आले) जाणाऱ्यांनी होमब्रू (मॅकवर प्रोग्राम बसवणारं साधन) कॉपी करू नये. जुन्याचं घर /यूएसआर/लोकल, नव्याचं /ऑप्ट/होमब्रू. मायग्रेशन असिस्टंट जुनं सामान तसंच आणून ठेवतो; रोझेटामुळे (इंटेलचे प्रोग्राम नव्या चिपवर चालवणारी सोय) ते चालतंही, आणि मग दोन होमब्रू सवतींसारखे महिनोन्महिने भांडत राहतात. जुन्यावर 'ब्रू बंडल डंप' करून ब्रूफाइल घ्यावी, नव्यावर त्यावरून बसवावं. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून नव्या खात्याचं शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) बॅशऐवजी झेडशेल असतं, त्यामुळे .बॅश_प्रोफाइलमध्ये लिहिलेलं तिथे कुणी वाचतच नाही.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) असेल तर 'डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट' आणि '--इम्पोर्ट' अख्खं लिनक्स उचलून नेतात, हा त्यातल्या त्यात सोपा प्रवास. इम्पोर्टनंतर आपण रूट (यंत्राचा मुख्य वापरकर्ता) म्हणून आत शिरलो आणि होम फोल्डर रिकामा दिसला तर घाबरू नका, /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फमध्ये आपलं वापरकर्तानाव लिहिलं की सगळं जागेवर दिसतं.

जुना लॅपटॉप लगेच पुसणं

दहाव्या दिवशी भाचा आला. "मावशी, आता जुना फॉरमॅट करून देतो, माझ्या मित्राला हवाय." मी म्हटलं, "थांब रे, महिनाभर राहू दे कपाटात." त्यानं तोंड वाकडं केलं, पण थांबला.

तिसऱ्या आठवड्यात सहज बॅकअपच्या डिस्कवर नजर गेली. शेवटची तारीख लॅपटॉप बदलण्याच्या आधीच्या रविवारची. क्रॉनटॅब होम फोल्डरमध्ये नसतो हे वर मीच लिहिलंय, आणि 'क्रॉनटॅब -एल'चा निकाल फाइलीत घ्यायचा राहून गेला होता. कपाटातून जुना लॅपटॉप काढला. बॅटरी संपलेली, चार्जर भाच्यानं नेलेला. तो मिळाल्यावर उघडून बघितलं तर चार ओळी होत्या. पहिली रविवारच्या बॅकअपची. दुसरी मला पूर्ण विसर पडलेली: दर महिन्याच्या एक तारखेला मुद्रितशोधनाच्या पानांची यादी तिन्ही ताईंना मेलनं पाठवणारी. त्या महिन्यात ती गेलीच नव्हती. फोन केला तर तिघीही आनंदात होत्या. त्यांना वाटलं होतं, या महिन्यात मी सुट्टी दिली.